व्याह्यांनी संपवलेले किमिझ

मित्रांनो, माझ्याजवळ आलात तर आधी धुराचा वास येईल, मग आंबट दुधाचा. मी एक जुनी सबा आहे, घोड्याच्या कातड्याची मोठी पिशवी. घोडीचे दूध माझ्यात ओततात, विरजण लावतात, लांब रवीने घुसळतात आणि त्याचे किमिझ होते. सुसामिरच्या डोंगरी कुरणावर उन्हाळ्यात किमिझ नाही असा तंबू नाही. माझी गोष्ट मात्र मिरवण्यासारखी नाही.

मला बात्माच्या आईने शिवले. कातड्यावरचे केस खरवडून तिने मला तोबिल्गीच्या झुडपाच्या काटक्यांच्या धुरात कित्येक दिवस टांगले. बात्माचे लग्न झाले तेव्हा मी तिच्याबरोबर सासरी आले. पुढची तीस वर्षे लोक वाटेतले तंबू टाळून आमच्याकडे प्यायला येत. "किमिझ प्यावं तर बात्माच्या सबेतलं!" असे म्हणत. बात्मा फुलून जाई. मीही.

एका शरदात तिच्या धाकट्या मुलाचे लग्न ठरले आणि कुरणावरून गावी उतरायची घाई झाली. दरवर्षी बात्मा मला आतली बाजू बाहेर येईल अशी उलटी करून धुई, वाळवी, चरबी चोळून धुरी देई. त्या वर्षी तिने मला तशीच ओली दुमडली आणि कोठारात कोंबली. हिवाळाभर माझ्या तळाच्या शिवणीत बुरशी धरत होती. मला ते कळत होते.

उन्हाळ्यात नवी सून साल्किन पहिल्यांदा कुरणावर आली. तिने माझ्या तोंडाशी नाक नेले आणि ती थबकली.

"अपा," ती सासूला हळूच म्हणाली, "वास येतोय. एकदा उलटी करून बघूया का?"

"वास? माझ्या आईच्या हातची आहे ती! तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून माणसं पितायत तिच्यातलं. ओत दूध."

साल्किनने दूध ओतले. आणि मित्रांनो, मला बरे वाटले! कालची पोर मला हुंगते म्हणजे काय, असा माझा तोरा होता.

पाचव्या दिवशी साल्किनचे वडील असानकुल घाट ओलांडून लेकीला भेटायला आले. लग्नानंतरची ही पहिलीच भेट. शेजारीपाजारी जमले. साल्किनने वाट्या भरल्या. शेजारच्या म्हाताऱ्या उम्सुनने पहिला घोट घेतला आणि दाराबाहेर थुंकला.

"अगं बाई, हे किमिझ आहे की कातडं भिजवलेलं पाणी?"

बात्माचा चेहरा उतरला. मग ती सुनेकडे वळली. "काय गं, भांडं धुवायलासुद्धा शिकवलं नाही का माहेरी? बापासमोर तरी लाज राखायचीस!"

साल्किनने मान खाली घातली. नवी सून उलट बोलत नाही. असानकुलने वाटी उचलली, तळापर्यंत प्यायली आणि मिशा पुसल्या.

"भर गं पोरी, अजून एक."

तीही त्याने संपवली. तंबूत कोणी कोणाकडे बघत नव्हते.

अशा वेळी मला वाचा असती तर, असे आम्ही वस्तू नेहमी म्हणतो. मी तसे म्हणणार नाही. वाचा असती तरी मी बोलले नसते. तीस वर्षांचे नाव जाईल या भीतीने मी त्या पोरीला माझा दोष घेऊ दिला.

दुसऱ्या दिवशी पाहुणा गेल्यावर बात्माने मला उलटी केली. शिवणीवरचा काळाहिरवा पट्टा तिला दिसला. मग तिने मला खोगिरावर टाकले आणि घोडा घाटाकडे घातला. ती मला नदीत फेकणार असे मला वाटले. फेकले असते तर मी सुटले असते.

असानकुलच्या तंबूपुढे बरीच माणसे बसली होती. बात्मा उतरली आणि तिने मला सगळ्यांसमोर तशीच उलटी धरली. वारा माणसांकडे होता. एकेकाने नाकावर बाही धरली.

"व्याही, ही घाण माझी. मी ओली ठेवली. तुमच्या पोरीनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, वर तिलाच बोलले."

असानकुल म्हणाला, "मला ठाऊक होतं, विहीणबाई. पोरगी कुरणावर आल्यापासूनच्या पाच दिवसांत एवढी बुरशी धरत नाही."

"मग प्यालात कशाला?"

"पोरगी तुमच्या घरात राहणार आहे. मी तोंड वाकडं केलं असतं तर भोगायचं तिला होतं."

बात्माने मला पुन्हा खोगिरावर टाकले.

परत आल्यावर ती सुनेसमोर उभी राहिली. "चुकले मी. आता तूच सांग, कशी साफ करायची."

साल्किनने शिवण उसवली, कातडे खरवडले, नवा दोरा घातला आणि चार दिवस धुरी दिली. सासूशी मात्र ती त्या उन्हाळ्यात कामापुरतेच बोलली. शिवण लवकर जुळली. बाकीचे जुळायला वेळ लागला.

मित्रांनो, वापरलेली वस्तू ओली ठेवू नका. घरात नवे आलेले माणूस काही दाखवत असेल तर आधी बघा. आणि माझ्यासारख्या जुन्या, नावाजलेल्या वस्तूची स्तुती करण्याआधी एकदा आत हात घाला.