खालची मोकळी जागा

मी दरवाजा बोलतोय. तसा पुरा नाही, अर्धाच. वर मोकळा, खाली मोकळा, मधे दोन झुलत्या फळ्या. वकीलसाहेबांच्या कचेरीत बाहेरची खोली आणि आतली खोली यांच्या मधोमध माझं आयुष्य गेलं. मला कडी नाही, कुलूप नाही. आत जाणाऱ्याने ढकललं की मी आत जातो, बाहेर येणाऱ्याने ढकललं की बाहेर येतो, आणि कुणीच नसलं की पंख्याच्या वाऱ्यावर हलत डुलक्या काढतो. त्यामुळे मी पाहिलेलं किती आणि स्वप्नातलं किती, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही. चालवून घ्या.

साहेबांची वकिली नवी होती तेव्हा त्यांनी मला करवून घेतलं. सुतार म्हणाला, "साहेब, वकिलाला पुरं दार हवं. लोकांची गुपितं असतात." साहेब म्हणाले, "पुरं दार बघून माणूस अर्ध्या वाटेत परत जातो. ह्याच्याखालून उजेड दिसतो, आत कुणीतरी आहे असं वाटतं." दोघांचंही खरं होतं. आतलं बोलणं बाहेर ऐकू यायचं आणि बाहेर बसलेले भाऊ-भाऊ दुसऱ्या भावांचं भांडण ऐकून आपसांतलं मिटवून घरी जायचे. साहेबांचं गिऱ्हाईक जायचं, पण ते हसायचे.

आणखी एक गंमत होती. साहेबांच्या खुर्चीतून माझ्या खालच्या मोकळ्या जागेतून बाहेर उभ्या असलेल्या माणसाचे पाय दिसत. फक्त त्याच खुर्चीतून. बाजूच्या स्टुलावर बसलं की मधे टेबल यायचं. साहेब चेहऱ्याच्या आधी पाय वाचत. घाबरलेला माणूस अंगठ्याने जमीन उकरतो, खोटं बोलायला आलेला फार स्थिर उभा राहतो. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि त्या खुर्चीत कधी कुणाला बसू दिलं नाही.

स्वतःच्या मुलीलाही नाही. ती लहान असताना माझ्यावर लोंबकळून झोके घ्यायची. आतून साहेब ओरडायचे, "अगं ए माकडा, मोडशील त्याला!" मोडलो नाही, पण उजवी बिजागरी तेव्हापासून कुरकुरते. मला ती कुरकुर आवडते. पुढे ती काळा कोट घालून आली, तेव्हा मला ढकलायच्या आधी क्षणभर थांबली आणि साहेब आतून म्हणाले, "या वकीलीणबाई." त्या दिवशी मी नुसता हललो नाही, खरं सांगतो, नाचलो.

मग पंपवाले काका आले. त्यांचा पाण्याचे पंप बनवायचा कारखाना होता. परदेशातल्या एका कंपनीने त्यांचा सगळा माल खोट काढून परत पाठवला होता, आणि करारात लिहिलं होतं की भांडण झालं तर ते तिकडच्या कायद्याने, तिकडच्याच शहरात सोडवायचं. साहेबांनी कागद दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "काका, हे माझ्या आवाक्यातलं नाही." काकांचे पाय माझ्याखालून गेले तेव्हा चपला फरफटत होत्या. मुलगी स्टुलावर बसून तो करार पुन्हा वाचत होती. तिच्या मनात त्या दिवशी काहीतरी ठरलं असावं.

त्याच सुमारास देशात गलका सुरू झाला. परदेशी वकिलांना इथे कचेऱ्या उघडू द्यायच्या म्हणे. त्यांनी कोर्टात उभं राहायचं नाही, पण आपल्या देशाच्या कायद्याचा सल्ला द्यायचा, मोठमोठे करार करायचे. इथल्या वकिलांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काम बंद, मोर्चे, घोषणा. सगळ्यांत पुढे कोण? आमचे साहेब! घसा बसेपर्यंत ओरडून आले.

"आज पाहुणे म्हणून येतील, उद्या आपल्यालाच विचारतील, तुम्ही कोण?" ते म्हणाले.

"बाबा, आणि पंपवाले काका? ते आज कुणाच्या दारात उभे आहेत?" मुलगी म्हणाली. "ती माणसं इथे आली तर काकांना परमुलखात वणवण करावी लागणार नाही. आणि मलाही ते काम शिकता येईल."

"शिक की! घर बुडवायला शिक!"

"तुम्ही ऐकूनच घेत नाही."

ती तडक उठली. मला इतक्या जोरात ढकललं की मी बराच वेळ मागे-पुढे होत राहिलो. दोघांच्या मधे असणं सोपं नसतं हो.

कायदा व्हायचा तो झाला. चौकातल्या काचेच्या इमारतीत एक परदेशी कचेरी उघडली आणि त्यांनी मुलीला बोलावणं पाठवलं. घरात जेवताना त्यावर कुणी अक्षर काढेना.

त्या दुपारी साहेबांचे जुने मित्र, नोटरीकाका, आत बसले होते. बाहेरची खोली रिकामी होती. ऊन फरशीवर पसरलं होतं, माझाही डोळा लागला होता. तेवढ्यात ओळखीची पावलं वाजली. मुलगी आली आणि माझ्यासमोर थबकली. डाव्या सँडलचा बंद तुटलेला, त्याला पिन लावलेली. ओठातल्या ओठात ती घोकत होती, "मी जात नाही बाबा. मी इथेच थांबते." मी जवळच होतो, म्हणून मला ऐकू आलं. माझा जीव तुटला.

आत नोटरीकाकांनी विचारलं, "मग, लेकीचं काय करतोयस?"

साहेबांनी मान वर केली. नजर माझ्या खाली गेली. पिन लावलेल्या सँडलवर थांबली. मग ते बोलले, एरवीपेक्षा जरा मोठ्याने.

"तिने जावं रे. मोर्चात ओरडलो ते मला अजून पटतं, उद्याही ओरडेन. पण ती माझ्या तोंडाकडे बघून इथे राहिली, तर मला रात्रीची झोप लागणार नाही. माझ्यापेक्षा हुशार आहे पोरगी. मला काकांना नाही म्हणावं लागलं, तिला कुणाला म्हणावं लागू नये."

"अरे, मग सांग की तिला!"

"तिच्यासमोर तोंड उघडलं की माझ्यातला वकील उठून उभा राहतो. बापाला बोलूच देत नाही."

सँडल एक पाऊल माझ्याकडे आली. मग हळूच वळली आणि निघून गेली. साहेब ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, मी जाते तिकडे." साहेब म्हणाले, "हं. डबा घेऊन जात जा." बस, इतकंच.

ती गेली, शिकली, मोठी झाली. पंपवाल्या काकांचं प्रकरण तिनेच काचेच्या इमारतीत बसून तडीला नेलं. काका पेढ्यांऐवजी एक पंपच घेऊन साहेबांकडे आले! एकदा तिचे परदेशी साहेब भेटायला आले. उंच माणूस. माझ्यावरून त्यांचा अख्खा चेहरा दिसत होता, तरी ते मला टकटक करत उभे. शेवटी आत शिरले, तर मी परत येताना त्यांच्या पाठीत बसलो. आमचे साहेब खो खो हसले. पण मुलीशी त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत, आणि तीही नाही. तिला वाटायचं, आपण चोरून ऐकलं. बाबांनी आपल्याला कधी "जा" म्हटलंच नाही.

साहेब गेले. कचेरी रिकामी करायला ती आली, केसांत पांढरं घेऊन. मला उतरवायला सुतार यायचा होता. ती सगळीकडे फिरली आणि दमून, पहिल्यांदाच, त्या खुर्चीत बसली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "या सुतारकाका, आत या."

सुतार आत आला. "ताई, मी तर हाकही मारली नव्हती. कसं कळलं?"

"तुमचे पाय दिस..." ती मधेच थांबली. "काका, जरा परत बाहेर उभे राहा."

तो गेला बिचारा. ती वाकून, सरळ होऊन, पुन्हा वाकून बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "दिसत होते! बाबांना माझे पाय दिसत होते! ते मलाच सांगत होते हो!" ती हसत होती आणि रडत होती. मी किती वर्षं हे सांगायला कुरकुरत होतो, पण बिजागरीची भाषा कुणाला कळते?

आता मी तिच्या घरी भिंतीला टेकून उभा आहे. तिच्या कामाच्या खोलीला मला लावायचं ठरलंय. घरात तिची वयात आलेली लेक आहे. मायलेकींचं हल्ली फारसं बोलणं होत नाही. मधेच माझा डोळा लागतो आणि मला साहेबांचा घसा खाकरल्याचा आवाज येतो.

उद्या सुतार येणार आहे. तो म्हणत होता, "ताई, वरखाली फळ्या जोडून छान पुरं दार करून देतो." ताई विचार करते म्हणाली.

ताई, अगं, माझ्यावर झोके घेतलेस ना? मग एवढं ऐक. वर हवं तर जोड. पण खालची जागा मोकळी ठेव. तुझी पोर दाराशी येऊन उभी राहील, तेव्हा तुला तिचे पाय दिसायला हवेत.