आतली कडी

"बाई, आमच्या खोलीला आतनं कडी बसवा ना."

नऊ वर्षं झाली, पण राहीचा तो आवाज दीनाबाईंच्या कानातून गेला नव्हता. तेव्हा त्या दुसऱ्या गावच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या. बारा वर्षांची पोर, राजूरच्या पलीकडच्या वाडीवरची. हातातलं रिकामं ताट पोटाशी घट्ट धरून ती एवढंच बोलली होती. कडी कशाला, हे बाईंनी विचारलं नाही. पोरीची नजर रखवालदाराच्या खोलीकडे गेली, तेवढं त्यांना पुरलं. दुसऱ्या दिवशी सुतार आला, कडी बसली. महिनाअखेरीला रखवालदार सूर्यभान राजीनामा देऊन गेला. राही त्याच्या आधीच गेली होती. बाप येऊन घेऊन गेला, परत आणलंच नाही.

आज तोच सूर्यभान बेलापुरात, वसतिगृहाच्या अंगणात, लिंबाखाली बसला होता.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. आईबाप खडी फोडायला दूरच्या कामांवर गेलेले, म्हणून चाळीस मुली इथं ठेवलेल्या. त्यांच्यासाठी रखवालदार नेमायचा होता. समितीत तिघंच: अध्यक्ष छगनराव, पोलीसपाटील कानिफनाथ आणि नोकरीतून निवृत्त झालेल्या दीनाबाई. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा पडला होता. खिडकीतून झळा येत होत्या, पण त्या जुडग्याकडे पाहिलं की बाईंच्या बोटांना गार लागे.

अर्ज दोनच होते. पहिला गोजरबाईचा. बाई कसली रखवाली करते, म्हणून छगनराव आधीच मिशीत हसले. पाटलांनी तिला चांगल्या वर्तणुकीचा दाखला नाकारला होता. का नाकारला, ते तिनंच उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"तीन म्हैने आत हुते मी. सरकारी मिलो जवारीची गाडी आडवली आमी बायांनी. घरी पोरं उपाशी हुती. माज्या पदरात दोन पायली आली, त्याला मी न्हाई म्हनले न्हाई."

"म्हंजे कुलपांची वळख हाय म्हना की," छगनराव म्हणाले.

"व्हय दादा. आतल्या अंगानं."

पाटील खाली बघू लागले. छगनरावांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. माणूस वाईट नसेलही, पण नियम तो नियम, असं त्यांचं म्हणणं पडलं. दाखला असेल तर नोकरी, नाही तर नाही. आणि हा नियम घालायला लावला कुणी? तर दीनाबाईंनीच. राहीच्या आठवणीनं, हट्ट धरून. चाळण बारीक केली की खडा वरच अडकेल, असं त्यांना वाटलं होतं.

मग छगनरावांनी दुसऱ्या, सूर्यभानच्या अर्जाला जोडलेला दाखला काढला आणि कौतुकानं बाईंच्या पुढं सरकवला.

"ह्याची चौकशी करायचीच गरज न्हाई. अक्षर तुमचंच की, बाई."

निळी शाई थोडी विटली होती, शिक्का मात्र ठळक होता. 'वर्तणूक उत्तम. मुलींची काळजी वडिलांप्रमाणे घेतली.' नोकरी सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला बाई अशीच दोन वाक्यं लिहून देत, कुणाच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून. त्या दिवशी सूर्यभानची बायको तान्हं लेकरू घेऊन पायरीवर बसली होती. वसतिगृहाच्या नावाचीही काळजी होती. बाईंनी हात आखडला नाही. गेला की संपलं, असं मनाशी म्हणाल्या. संपलं नव्हतं. तो कागद खिशात घालून माणूस नऊ वर्षं कुठं कुठं राहिला असेल, किती खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला लागल्या असतील, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

त्यांनी खिडकीतून पाहिलं. मुली मिलो निवडत बसल्या होत्या. गोजरबाई कुणी न सांगता त्यांच्यात बसून खडे वेचत होती. सूर्यभाननं कोटाच्या खिशातून गुळाचा खडा काढला आणि सगळ्यात धाकटीला जवळ बोलावून तिचं नाव विचारलं. पोर नाव सांगेना. त्यानं खडा मागं घेतला, हसला, पुन्हा पुढं केला.

पोरीनं एक पाऊल टाकलं.

"सही करा, बाई," छगनराव म्हणाले. "जुडगा त्याच्या हाती देऊ, म्हंजे आजपासनंच लागंल कामाला."

पेन हातात होतं. सही केली की सगळं गप्प. चाळीस वर्षांची नोकरी, गावोगावचा मान, चर्चमधली पुढची जागा, सगळं जिथल्या तिथं. नाही केली, तर हेच दोघं उद्या विचारणार, की बाई, मग तेव्हा तोंड का शिवलं होतं?

बाहेर पोरीनं दुसरं पाऊल टाकलं.

दीनाबाईंनी जुडगा उचलला आणि खिडकीतूनच गोजरबाईला हाक मारली, त्या धाकटीला आधी आत घेऊन ये म्हणून. गोजरबाई उठली, पोरीला कडेवर घेतलं. सूर्यभानचा हात गुळासकट तसाच राहिला.

मग बाई टेबलाकडे वळल्या.

"छगनराव, हा दाखला खोटा आहे. मीच लिहिलाय. एका पोरीनं माझ्याकडे आतून कडी मागितली होती, ह्याच्या भीतीनं. मी कडी बसवली, आणि ह्याला चांगला म्हणून पुढच्या दारी पाठवला."