जातानाची सही

रविवारी सकाळी साडेदहाला डॉ. विश्वंभर पोतनीस हॉटेलच्या हॉलच्या दारात पोचले आणि सवयीने खिशातलं पेन काढलं. टेबलाशी औषध कंपनीचा जयदीप रजिस्टर उघडून बसला होता.

"नमस्ते सर! दोनों जगह कर दीजिए."

दोनों जगह म्हणजे येतानाची सही आणि जातानाची सही. माणूस अजून आत शिरलेला नसतो, पण कागदावर तो तीन तास ऐकून, शहाणा होऊन घरी निघालेलाही असतो. या डॉक्टरमंडळींच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे, असं कुणाच्या मनातही येत नसे.

डॉक्टरांसाठीच्या अशा वर्गांना सीएमई, म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षण, म्हणतात. डॉक्टरने पदवीवर थांबू नये, शास्त्र पुढे जातं तसं त्यानेही शिकत राहावं, हा त्यांचा हेतू. हजेरीचे तास जमले की नोंदणीच्या नूतनीकरणाला ते उपयोगी पडतात. मग तासच जमवले जातात, शिकणं राहून जातं. त्या दिवशीचा विषय होता पक्षाघाताचे पहिले काही तास. डॉक्टरांनी दोन्ही रकान्यांत सही ठोकली, मागच्या खुर्चीवर दहा मिनिटं घड्याळ बघितलं, दोन गरम कचोऱ्या खाल्ल्या आणि बाराच्या आत प्रेम नगरला घरी येऊन पांघरूण ओढलं.

"झालंसुद्धा शिक्षण?" त्यांच्या बायकोने, कांचनने विचारलं.

"छत्तीस वर्षं पेशंट बघतोय मी. मला काय शिकवणार ही पोरं!"

माणूस लबाड नव्हता, हे इथेच सांगितलेलं बरं. हिंदी मुलखातल्या त्या शहरात रेल्वेतल्या मराठी कुटुंबांचा तो घरचाच डॉक्टर. उगाच तपासण्या लिहून देणार नाही, बोलावलं की पायांत चपला सरकवून निघणार. अशा माणसाच्या हातून काय होतं, तेच तर बघायचं आहे.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, सकाळी साडेनऊला दवाखान्यासमोर ऑटो थांबली. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले केशवराव बायकोच्या, प्रेमलावहिनींच्या खांद्यावर रेलून आत आले. उजवा पाय फरपटत होता.

"नऊ वाजता चहा घेत होते, भाऊजी," प्रेमलावहिनी म्हणाल्या. "कप सुटला हातातून. तोंड बघा कसं तिरपं झालंय!"

"अरे, कुछ नहीं," केशवराव म्हणाले, पण शब्द जड येत होते.

रक्तदाब दोनशे दहा. डॉक्टर दचकले, पण गोंधळले नाहीत. अशा वेळी काय करायचं ते त्यांना तरुणपणीच शिकवलं होतं. त्यांनी कपाटातून रक्तदाब उतरवायची कॅप्सूल काढली, सुईने टोचली आणि औषध केशवरावांच्या जिभेखाली पिळलं. तासाभरात आकडा एकशे वीसवर आला.

"मोठ्या इस्पितळात न्यायचं का?" वहिनींनी दोनदा विचारलं.

"कशाला? मी आहे ना. बीपी उतरलंय, पडू द्या निवांत."

वहिनी निवांत झाल्या. त्यांचा विश्वास होता, आणि तोच त्यांना नडला. दुपारी दोनला उजवा हात पुरता लुळा पडला, वाचा गेली. मग धावाधाव झाली. इस्पितळात पोचायला तीन वाजले.

तिथे डॉक्टरांची मुलगी श्रेया, तीही डॉक्टरच, ड्युटीवर होती. मेंदूचा फोटो बघून ती वडिलांना कोपऱ्यात घेऊन गेली.

"बाबा, शुरू कधी झालं?"

"नऊला."

"रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. आता नाही देऊ शकत." ती थांबली. "और वो कॅप्सूल? बीपी असं एकदम पाडलं की मेंदूला होता तो रक्तपुरवठाही कमी होतो. ते आता कोणी करत नाही. त्या संडेला याच्यावरच तर पूरा एक घंटा लेक्चर झालं. मी होते तिथे. तुमची सही होती ना, माझ्या सहीच्याच वर?"

तेवढ्यात प्रेमलावहिनी आल्या आणि त्यांनी डॉक्टरांपुढे हात जोडले.

"तुम्ही होतात म्हणून जीव तरी वाचला, भाऊजी."

त्या जोडलेल्या हातांनी डॉक्टरांची झोप उडवली. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. श्रेया बोलणार नव्हती. दवाखान्याच्या भिंतीवर त्याच वर्गाचं प्रमाणपत्र चौकटीत लागलं होतं. सहाव्या दिवशी त्यांनी ते खिळ्यावरून उतरवलं, काखेत मारलं आणि केशवरावांचं घर गाठलं. केशवरावांना आदल्या दिवशीच घरी आणलं होतं.

वहिनी नवऱ्याला चमच्याने पेज भरवत होत्या. डॉक्टरांनी प्रमाणपत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, कॅप्सूल, वाया घालवलेले तास आणि दोन सह्या.

"वर्ग चालू होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?" शेवटी वहिनींनी विचारलं.

"घरी. झोपलो होतो."

वहिनींनी केशवरावांच्या हनुवटीवरचा ओघळ पदराने पुसला. "मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "जा आता."

माफी मिळाली नाही, आणि मिळावी असं त्यांना वाटलंही नाही. पुढच्या महिन्यात ते पुन्हा हॉलच्या दारात उभे राहिले.

"दोनों जगह, सर," जयदीप म्हणाला.

त्यांनी एकच सही केली आणि पहिल्या रांगेत बसून सगळं टिपून घेतलं. शेवटच्या व्याख्यानानंतर ते रजिस्टर उचलून माइकपाशी गेले.

"यात जातानाच्या चौऱ्याहत्तर सह्या आहेत," ते म्हणाले. "हॉलमध्ये आपण एकोणीस जण आहोत. मागच्या वेळी मीही अशीच सही करून पळालो होतो. त्यापायी माझा पेशंट आज आपल्या बायकोला हाक मारू शकत नाही."

तेच त्यांनी हिंदीतही सांगितलं. कुणी मान खाली घातली, कुणी जेवणाच्या टेबलाकडे बघितलं. संयोजक कुजबुजले, "डॉक्टरसाहब, घर की बात घर में रखते हैं."

ते तिथून थेट केशवरावांकडे गेले. वहिनींनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

"आज वर्ग होता. शेवटपर्यंत थांबलो."

"बरं." त्यांनी दार लोटत आणलं आणि पुन्हा उघडलं. "आणि बाकीचे?"

डॉक्टरांनी हातातल्या टिपणांच्या वहीकडे बघितलं. "निघून गेले," ते म्हणाले. "पुढच्या वेळी रजिस्टर घेऊन दारात मी बसणार आहे. जातानाची सही जातानाच होईल."