डावा, उजवा, डावा

"रॅम्पवर सिग्नल कधी?"

"महामार्ग दिसायला लागला की. डावा."

"आणि आत शिरलीस की?"

"बंद करायचा. माझ्या हाताने. स्टिअरिंग फारसं वळलेलं नसतं, तो आपोआप बंद होत नाही."

"शाबास. आता बाहेर पडताना सांग."

"वर्न, जरा गप्प बसतोस का? मला आरसे नीट लावू दे."

ड्रायव्हिंगच्या परीक्षा केंद्राच्या आवारात नॉरीन आणि तिचा नवरा वर्न यांची जुनी करडी गाडी उभी होती. परीक्षेची वेळ साडेनऊची होती आणि आत्ता कुठे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मागच्या सीटवर वर्नची डायलिसिसची पिशवी होती. तिच्यात जाड मोजे, पांघरूण आणि बिनमिठाचं सँडविच. दुपारी एकला त्याला किंग्स्टनच्या रुग्णालयात पोचायचं होतं, दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी पोचायचा तसं.

नॉरीन हॅगर्टी बासष्ट वर्षांची होती. तीस वर्षं तिने चीजच्या कारखान्यात पॅकिंग केलं, दोन मुली वाढवून पार अल्बर्टाला पाठवल्या, पण गाडीला कधी हात लावला नाही. नवरा ट्रक ड्रायव्हर असताना बायकोने गाडी चालवायची म्हणजे त्याला उगाच कमीपणा, असं दोघांनाही वाटायचं. मग वर्नच्या मधुमेहाने त्याचे डोळे नेले, डोळ्यांबरोबर लायसन्स गेलं, आणि सत्तावन्नाव्या वर्षी ती शिकायला लागली. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात शिकणाऱ्याला पाच वर्षं देतात. पहिली परीक्षा झाली की एकट्याने चालवता येतं, तशी ती चालवतही होती; पण पाच वर्षांत महामार्गाची परीक्षाही पास झाली नाही, तर सगळं रद्द आणि पुन्हा श्रीगणेशा. मग शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस बसल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची सोय नाही, आणि असा माणूस त्यांच्या घरात नव्हता. तिची पाच वर्षं येत्या शनिवारी संपत होती. एवढी वर्षं महामार्गाला घाबरून ती जुन्या रस्त्याने जात होती, एवढंच. एप्रिलमध्ये एकदा परीक्षेला बसली, तेव्हा रॅम्पच्या टोकाला सिग्नल देऊन चक्क थांबली आणि नापास झाली.

त्यानंतर वर्नने तिला हाती घेतलं. उन्हाळाभर रोज सकाळी तो तिला चारशे एक नंबरच्या महामार्गावर न्यायचा. समोरची गाडी त्याला धड दिसत नसे, पण सिग्नलची टिकटिक त्याला बरोबर ऐकू यायची. "उशीर केलास." "अगं, बंद कर, मागचे लोक तुझी वाट बघत बसलेत." कितीतरी दिवसांनी त्याचा कुणाला तरी उपयोग होत होता, आणि ते त्याच्या आवाजात कळत होतं. ऑगस्टमध्ये एकदा एका ट्रकने वेग कमी केला, दिवे लुकलुकवून तिला आत घेतलं.

"आता आभार मान त्याचे," वर्न म्हणाला.

"कसे? खिडकीतून हात बाहेर काढून?"

"डावा, उजवा, डावा. एकेकदाच. आम्ही ट्रकवाले असंच बोलतो. दिवे दाखवून वाट दिली, की सिग्नल दाखवून थँक्यू. हे न करणारा माणूस मी कधी जेवायला घरी नेला नाही."

मग हाताला सवय लागेपर्यंत त्याने तिच्याकडून ते करून घेतलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत तो शीळ घालत होता.

परीक्षक टुलक बाई तिशीच्या होत्या. वर्न बर्फाच्या तुकड्यांचा कप घेऊन गाडीतून उतरला. पाणी मोजूनमापून प्यायचं असल्यामुळे तो दिवसभर बर्फच चघळायचा.

"बाई, चालवते चांगली ती," तो टुलक बाईंच्या जरा उजवीकडे बघत म्हणाला. "फक्त विचार फार करते."

गावातले रस्ते नीट पार पडले. महामार्गावर चढणाऱ्या रॅम्पवर आल्यावर नॉरीनने वेग वाढवला. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, त्यामुळे महामार्गात शिरायचं ते डावीकडे. डाव्या हाताला ट्रकांची रांग होती, एकामागे एक, भिंत चालल्यासारखी. तिने सिग्नल दिला, आरसा पाहिला, खांद्यावरून पाहिलं. थांबायचं नाही, थांबायचं नाही. तेवढ्यात एका हिरव्या ट्रकने वेग कमी केला आणि दिवे लुकलुकवले. ती आत शिरली. सिग्नल बंद केला. आणि हात आपोआप चालला. डावा, उजवा, डावा.

डावीकडच्या पट्ट्यात एक निळी व्हॅन मागून जोरात येत होती. डावा सिग्नल दिसताच व्हॅनवाल्याने करकचून ब्रेक लावला. व्हॅनच्या मागची गाडी भेलकांडत कडेच्या खडीवर उतरली आणि कशीबशी वर आली. कुणी कुणाला धडकलं नाही. हॉर्न मात्र बराच वेळ वाजत राहिला.

"पुढच्या फाट्यावर बाहेर पडा," टुलक बाई म्हणाल्या. त्यांचा एक हात डॅशबोर्डवर होता.

नॉरीनने वेळेवर उजवा सिग्नल दिला आणि ती इतकी सुरेख बाहेर पडली, की वर्नलाही नाव ठेवायला जागा सापडली नसती.

आवारात गाडी उभी केल्यावर टुलक बाईंनी विचारलं, "ते मघाशी काय होतं?"

"आभार. त्या ट्रकने मला आत घेतलं ना."

"व्हॅनवाल्याला काय वाटलं असेल? त्याला तुमचे आभार कसे कळणार? त्याला एवढंच दिसलं, की ही बाई आता माझ्या अंगावर येतेय."

"हो. खरंय."

"बाकी सगळं चांगलं होतं. पण दुसऱ्यांना ब्रेक मारायला लागला, गाडी रस्त्याखाली गेली, की परीक्षा तिथेच संपते. मला ते सोडता येत नाही."

"माझं लायसन्स शनिवारी..."

"माहितेय. कागदावर आहे."

डायलिसिसचं सांगावं असं नॉरीनच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. खडीवर उतरलेल्या गाडीत कोण होतं कुणास ठाऊक.

"हे शिकवलं कुणी तुम्हाला?"

केंद्राच्या काचेमागे वर्न बसला होता. त्यांच्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या भलत्याच गाडीकडे बघून तो अंगठा वर करत होता.

"आठवत नाही," नॉरीन म्हणाली.

टुलक बाईंनी तिला एक पत्रक दिलं. रुग्णांना दवाखान्यात नेणारे स्वयंसेवक, खाली फोन नंबर.

वर्न गाडीत बसला तोच हसत. "बोल."

"नापास."

कपातला बर्फ हलला. "कशात?"

"रॅम्पवर. परत घाबरले. थांबले."

हे बोलताना तिला स्वतःची लाज वाटली. उन्हाळाभरात ती एकदाही थांबली नव्हती, आणि हे त्याला माहीत होतं.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "रॅम्प अजून करून घ्यायला हवा होता."

"तुझं काही चुकलं नाही."

"मग सोमवारचं काय?"

"लोक नेतात म्हणे. पत्रक दिलंय बाईने."

"कुठले लोक?"

"असतील कुणी चांगले."

वर्नने बर्फाचा तुकडा बराच वेळ चघळला. "सिग्नल देणारे असले म्हणजे झालं."

रुग्णालयाकडे जायला ती जुन्या रस्त्याकडे वळू लागली, तसा तो म्हणाला, "महामार्गाने चल. शनिवारपर्यंत आहे ना अजून तुझ्याकडे?"

रॅम्पवर ती थांबली नाही. सिग्नल, आरसा, खांद्यावरून नजर, आत. वर्न मान तिरकी करून ऐकत होता. नापानी गावाच्या पुढे तिने सावकाश चाललेला एक ट्रक ओलांडला. मागून त्याचे दिवे लुकलुकले: ये, जागा आहे. उजवा सिग्नल देऊन ती त्याच्या पुढे आली आणि तिने सिग्नल बंद केला.

"दिवे दाखवले का गं त्याने?"

"दाखवले."

वर्न वाट बघत होता. नॉरीनने आरशात पाहिलं. डावा पट्टा पार वळणापर्यंत रिकामा होता. तिने पुन्हा पाहिलं, खांद्यावरूनही पाहिलं. मग डावा, उजवा, डावा.

वर्नच्या चेहऱ्यावर सकाळचं हसू परत आलं. "बघ, किती झकास जमतं तुला. हे बघायला हवं होतं त्या बाईने."

"हो ना," नॉरीन म्हणाली, आणि सिग्नल बंद झालाय का, ते तिने पुन्हा एकदा पाहिलं.