चार क्वार्कांचं बिऱ्हाड

थोरलीच्या पोटात दुखत होतं आणि त्याला औषध नव्हतं. धाकट्या जावेने नवा कण शोधला होता.

दोघी एकाच घरात दिलेल्या, एकाच प्रयोगशाळेत नोकरीला. अणूच्या गाभ्यातले इवलेसे क्वार्क एरवी जोडीने राहतात, नाहीतर तिघांच्या टोळीने. दोन जड चार्म क्वार्क आणि दोन हलके प्रतिक्वार्क असं चौघांचं बिऱ्हाड कुठे सापडतं का, हे थोरली लग्नाआधीपासून धुंडाळत होती. केस पिकले तिचे. आणि ही काल आली, आलेखावर हिला नव्या कणाचं टेकाड दिसलं, झालं! सासूबाईंनी गल्लीभर सांगूनही टाकलं, "आमच्या धाकटीला सापडलं." काय सापडलं ते विचारू नका.

शोध तपासायला गटप्रमुखाने नेमलं कोणाला? थोरलीला! तिची हरकत असेल तर शोधनिबंध बाहेर जाणार नव्हता. दुसरी एक प्रयोगशाळा त्याच कणामागे हात धुऊन लागली होती. थोडं रखडवलं की धाकटीचा शोध त्यांच्या नावावर.

पायॉन नावाच्या कणाला चुकून त्याचा भाऊबंद केऑन समजलं, तर वस्तुमानाचा हिशेब बिघडतो आणि नसलेलं टेकाड उगवतं. बैठकीच्या सकाळी थोरलीने दार लावून घेतलं आणि सगळे संशयित पायॉन गाळले. आजूबाजूचा कचरा खाली बसला. टेकाड मात्र सुईसारखं टोकदार झालं. खरं होतं मेलं!

"काय बाई, तुमची चाचणी काय म्हणते?" बैठकीत गटप्रमुखाने विचारलं.

"चालू आहे अजून," थोरली धडधडीत खोटं बोलली. "महिना तरी लागेल."

"महिना? तोवर ते लोक बाजी मारतील!"

सगळे धाकटीकडे बघू लागले. आता ही भांडेल, मग हिची चांगली जिरवू, म्हणून थोरली टपूनच बसली होती.

"थांबू या," धाकटी म्हणाली. "ताईंना शंका आहे म्हणजे काहीतरी असणार. त्यांच्याइतकं हे कोणाला कळतं? कण गेला तर गेला."

खोलीभर कौतुकाची कुजबुज झाली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कणही हिचा आणि मोठेपणाही हिचाच?

"गेला तर गेला काय गं? तुझ्या बापाचा माल आहे?" ती ओरडली. "झालीय चाचणी. सकाळीच झाली. टेकाड खरं आहे." तिने आलेख पडद्यावर टाकला.

"मग मघाशी खोटं का बोललात?" गटप्रमुख चक्रावला.

"जळले म्हणून! पाठवा आता निबंध."

धाकटी डोळे पुसत तिच्याकडे धावली. "ताई..."

"लांब हो."

टाळ्या वाजल्या. थोरलीने वाजवल्या नाहीत.