नवसूचा जबाब

बारकीने कागद टेबलावर ठेवला आणि ती उभीच राहिली. ग्रामसेवकाने तिला एवढेच सांगितले होते की टोकावड्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या वनजमिनीवरचा तिचा दावा नामंजूर झाला आहे. का, ते मी वाचून सांगायचे होते.

मी वाचले. एकच पुरावा जोडला आहे, किमान दोन हवेत. वयस्क व्यक्तीचा जबाब नाही.

"जबाब नाय?" ती म्हणाली. "नवसू हितंच बसला व्हता ना, काका? तुमी लिवलंत."

खरे होते. २००८ साली मुरबाडच्या एसटी स्टँडजवळच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात तिचा चुलतसासरा नवसू दीड तास बोलत होता. ते शेत पहिल्यांदा फोडताना पाहिलेला वाडीतला तोच एक म्हातारा उरला होता. "ह्या पेटीला आमची बोली समजते का रं?" असे त्याने संगणकाकडे बोट करून विचारले, तेव्हा बारकी तोंडावर पदर घेऊन हसली होती. निघता निघता तिने पिशवीतून वनखात्याची जुनी दंडाची पावती काढून दिली. मी आनंदाने ती पुराव्याच्या रकान्यात भरली आणि दावा छापला. नवसूने जिथे दाखवले तिथे अंगठा उठवला. शेवटची गाडी सुटत होती. कागद त्यांना वाचून दाखवायचे राहिले.

मी फाईल उघडली. नवसूचे सगळे शब्द तिथे होते. सगळ्या दाव्यांसाठी मी एकच नमुना बनवला होता, त्यात एक अट घातली होती: लेखी पुराव्याचा रकाना रिकामा असेल तर तोंडी जबाब दाखव, भरलेला असेल तर लपव. ही अट कोणी सांगितलेली नव्हती. आयुष्यभर पुस्तकांत डोके घातलेल्या माझ्यासारख्या माणसाला वाटले, कागद असताना बोलण्याची गरज काय? नियम मी अर्धाच वाचला असावा. नवसूचा अंगठा दुसऱ्याच मजकुराखाली उठला होता.

तिला हे कसे सांगावे ते सुचेना. दावे तपासणाऱ्या कमिटीवर ढकलता आले असते. मी अडखळत सांगितले.

"म्हंजे मशीननं लपवला," ती म्हणाली.

"मशीनने नाही. मी तिला तसं सांगून ठेवलं होतं."

मी पावतीचा रकाना पुसला, आणि लपलेल्या जबाबाचे पान छापून आले. तिने वाचायला सांगितले. "आमच्या भावानं हे शेत फोडलं तवा मी बैल धरीत व्हतो. बांधाचे दगड ओढ्यातून डोक्यावर आणले. कमळूच्या आधीची दोन पोरं त्याच बांधाला, उंबराखाली पुरलीत."

"दोन?" बारकी म्हणाली. कमळू तिचा नवरा. "आमाला एकच ठावं. त्यालाबी एकच ठावं."

मग तिने विचारले, आता हा लावता येईल का? मी म्हटले, अपील करता येते, पण जबाबाखाली त्याचा अंगठा हवा. नवसू जाऊन आठ महिने झाले होते. शेजारच्या वाडीतला कोणी म्हातारा?

"धाऊ व्हता. तो त्याच्याबी आधी गेला."

तिने पानाच्या तळाशी, सोडलेल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले. "हितं?"

"तिथं."

बोट तिने बराच वेळ उचलले नाही. मी पान दुमडून द्यायला हात पुढे केला. "नको," ती म्हणाली, "मोडंल." नामंजुरीचा कागद टेबलावरच राहिला. ते एक पान दोन्ही हातांवर आडवे धरून, वाऱ्याला पाठ करत, ती स्टँडकडे चालू लागली.