नळाची चावी

चैत्राच्या उन्हात विणकर गल्लीचा नळ पाच दिवस कोरडा होता आणि त्याची चावी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी खुंटीला टांगलेली होती.

खंडेराव नगरपालिकेवर निवडून आला तेव्हा मी शिकवणीच्या मुलांना साखर वाटली होती. प्रत्येक सदस्याने आपापल्या भागातला नळ वेळेवर सोडावा असं ठरलं, आणि ती हातभर लांब लोखंडी चावी त्याच्या ताब्यात आली.

सहाव्या दिवशी त्या गल्लीतली अनवरी धडा वाचता वाचता पेंगली. आठ वर्षांची पोर, पहाटेपासून नदीवरून पाण्याच्या तीन खेपा करून आलेली. मी मुलांना घरी धाडलं आणि तसाच निघालो.

खंडेरावाच्या दारात बायका रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. अनवरीची आई रोशनबी होती, शेजारची कुसाबाई होती.

"या मास्तर, बसा," कुसाबाई म्हणाली. "साहेब न्हाले, आता म्हस न्हाईल. मग आपला नंबर, आला तर!"

आत खंडेरावाने वाकून नमस्कार केला. मी बसलो नाही.

"नळ का बंद आहे?"

"मास्तर, त्या गल्लीने मला एक मत दिलं नाही."

"मत फक्त घरपट्टी भरणाऱ्या पुरुषांना. रोशनबीला मताचा हक्कच नाही. कुसाबाईलाही नाही. मग शिक्षा कसली?"

"धाक बसायला हवा ना." तो हसला. "साम, दाम, दंड, भेद. तुम्हीच शिकवलंत. काय रंगवून सांगायचात!"

थोबाडीत बसावी तसं झालं. राजनीतीचे ते धडे खरंच रंगवून सांगत होतो मी. फितुरी, हेर, वेढे; पोरं डोळे विस्फारून ऐकायची. राजाने आधी स्वतःचा लोभ आणि राग जिंकावा, प्रजेच्या सुखातच आपलं सुख मानावं, हे पाठही त्यात होते. मुलं कंटाळतात म्हणून ते मी दोन वाक्यांत उरकायचो.

"अर्धंच शिकवलं मी तुला," मी म्हणालो. "वैद्य औषध कुणासाठी देतो रे? स्वतःसाठी? आजाऱ्याने शिव्या दिल्या म्हणून तो औषध रोखून धरतो?"

"मास्तर, राजकारण म्हणजे वैद्यकी नव्हे."

"मग हे राजकारण नव्हे, दरोडा आहे!" चाळीस वर्षांत वर्गात मी इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. खुंटीवरची चावी उचलली आणि चालू लागलो.

"मास्तर, ही चोरी आहे! फिर्याद करीन!"

"कर."

बायका हंडे उचलून माझ्यामागे आल्या. गल्लीत पोचल्यावर चावी कोणत्या बाजूला फिरवायची, तेच मला कळेना.

"सरका, मास्तरसाहेब," रोशनबी म्हणाली. "तुमच्याने शिकवणंच होतं." तिने दोन्ही हातांनी जोर लावला. आधी गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ.

खंडेरावाने खरोखरच फिर्याद केली. सोमवारी तारीख आहे. वकील म्हणतात, वयाकडे पाहून कोर्ट सोडून देईल, फक्त माफी मागा. माफी मी मागणार आहे, पण विणकर गल्लीची. खंडेरावासारखी किती पोरं मी अशी अर्धवट शिकवून सोडली, तेही कोर्टाला सांगणार आहे. चावी मात्र रोशनबीकडे आहे. ती कुणी मागायला आलं, तर त्याला गल्लीच्या तोंडाशी आधी माझ्याशी बोलावं लागेल.